देवजी पिंगळीला गेला

पालमच्या बाजारात रेवणसिद्धचं भांड्याचं दुकान आहे. स्टीलचे डबे, पितळेच्या घागरी, तांब्याचे बंब, सगळं एकावर एक रचलेलं. लग्नसराईत आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं एसटीनं येतात आणि रुखवताची भांडी पोत्यात भरून नेतात. रेवणसिद्ध अंगानं धिप्पाड, मिशा भरघोस, आणि आवाज असा की गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव समोरच्या चहाच्या हॉटेलात ऐकू जावा. त्या हॉटेलाचा मालक सूर्यभान त्याला म्हणायचा, "आप्पा, भाव सांगायलाव का दवंडी द्यायलाव?"

अशा या माणसाला टीव्हीवरच्या भुताखेतांच्या मालिकांचा मोठा तिटकारा होता. निदान घरात सगळ्यांची तशी समजूत होती. बायको अनुपमा एखाद्या चेटकिणीची मालिका लावून बसली की हा सरळ रिमोट उचलायचा आणि बातम्या लावायचा. "काय ह्या भुताटक्या बघायलाव? डोस्कं शिणत न्हाई का?" असं वर म्हणायचा.

खरं मात्र वेगळंच होतं. लग्नाआधी रेवणसिद्ध परभणीला चुलत्याच्या दुकानात कामाला होता आणि एका घरात खोली घेऊन राहायचा. घरमालकाकडे टीव्ही होता आणि त्यावर तेव्हा 'निळी बांगडी' लागायची. कोकणातला एक बंगला. तिथल्या नानासाहेब नावाच्या सासऱ्यानं आपल्या सुनेला, चंद्रिकेला, विहिरीत ढकललेलं. ती भूत होऊन बंगल्यात फिरायची, आणि ती यायच्या आधी तिच्या हातातली निळी बांगडी किणकिणायची. सगळं घर तिला घाबरायचं. एकटा म्हातारा आचारी देवजी तेवढा घाबरायचा नाही. तो रोज विहिरीच्या काठावर तिच्यासाठी भाताचं ताट ठेवायचा.

रेवणसिद्धचा त्या देवजीवर फार जीव जडला होता. नवख्या गावात, दिवसभर भांडी पुसून आल्यावर, कुणीतरी कुणाला तरी जेवायला वाढतंय हे बघूनच त्याला बरं वाटायचं. पुढे एका भागात देवजी मेला. तेव्हा रेवणसिद्ध घरमालकाच्या बैठकीत सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. घरमालकाच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून तो टीव्ही बघायला गेला नाही, आणि भुताच्या मालिकेचं नावही त्यानं पुन्हा घेतलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्या सासूबाई नागुबाई पालमला राहायला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला झालं होतं. चारठाण्याला आपल्या घरी गेल्या असत्या तर चुलीपुढून हलल्या नसत्या, म्हणून अनुपमानं आईला इकडेच आणलं. डोळ्यांवर काळा चष्मा, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर घ्यायचा नाही. कपाळाला विभूती लावताना कण डोळ्यात जाईल म्हणून तीही अनुपमाच ओल्या बोटानं लावून द्यायची. डॉक्टरांनी टीव्ही आणि मोबाइल थोडे दिवस कमी करा म्हटलं होतं. अनुपमानं त्याचं 'अजिबात नाही' करून टाकलं.

नागुबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर त्यांच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही की तोंडातून त्याच्याशी सरळ शब्द निघाला नाही. जावई हातभर अंतरावर जेवायला बसलेला असला तरी त्या म्हणायच्या, "अनू, त्यांना इचार, भाकर आणखी घेतेत का." मग अनुपमा विचारायची, रेवणसिद्ध अनुपमाला सांगायचा, आणि ते उत्तर पुन्हा नागुबाईंकडे जायचं. तोवर भाकरी गार व्हायची.

एका दुपारी रेवणसिद्ध दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला मागच्या घरात आला आणि जेवून आतल्या खोलीत खाटेवर आडवा झाला. बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत होता. तेवढ्यात नागुबाईंचा आवाज आला, "अनू, माझी ती निळी बांगडी लावून दे गं फोनवर. तिकडं नातीनं पैल्यापासून लावून दिली होती, अर्धीच ऱ्हायली. बघत न्हाई मी. नुसती ऐकते."

आतल्या खाटेवर रेवणसिद्धची झोप उडाली.

अनुपमानं फोनवर मालिका लावून तो आईच्या हाताशी ठेवला. वारा सुटल्याचा आवाज आला, घुबड ओरडलं, आणि मग 'ढ्याण्! ढ्याण्! ढ्याण्!' बराच वेळ नुसतं वाजत राहिलं.

"आता काय झालं?" नागुबाईंनी विचारलं.

"काय न्हाई."

"मग एवढं वाजायलंय कशाला?"

"बघायलेत."

"कोण?"

"सगळे."

"कुणाकडं?"

"एकमेकांकडं! माय, माझी भांडी पडलीत घासायची."

"अगं पण कोण कुणाकडं बघायलंय हे कळल्याबिगर गोष्ट कशी कळंल?"

आतून आवाज आला, "नानासाहेब देवजीकडं बघायलाय. तळघराची किल्ली देवजीच्या हातात हाय."

अनुपमा दारात येऊन उभी राहिली. "तुमाला कसं म्हाईत?"

"आवाजावरून कळलं," रेवणसिद्ध भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"ढ्याण् ढ्याण् वरून?"

त्यानं उशी डोक्यावर ओढली. अनुपमा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बाहेरून नागुबाई म्हणाल्या, "अनू, त्यांना इचार, किल्ली मग देवजीनं कुठं लपविली?"

"मी न्हाई इचारत," अनुपमा म्हणाली. "इतकी वर्सं माझ्या हातातला रिमोट हिसकावला ह्या माणसानं! तुमचं तुमी बघा दोघं." आणि ती भांडी घासायला निघून गेली.

नागुबाईंनी पदर आणखी पुढे ओढला, तोंड कूलरकडे केलं आणि कूलरला उद्देशूनच म्हणाल्या, "कुठं लपविली म्हणायले मी."

"तांदळाच्या डब्यात, मामी," रेवणसिद्ध म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो जेवण झाल्यावर आत गेलाच नाही. स्टूल ओढून बाहेरच्या खोलीत बसला, फोन हातात घेतला आणि नागुबाईंना सांगायला लागला. सुरुवातीला बिचकत सांगायचा. "ती आली. ती गेली. दार उघडलं." पण दुकानदाराची जीभ ती, एकदा सुटली की सुटलीच. चंद्रिकेची साडी कसली, काठ कसले, नानासाहेबाच्या कपाळावर घाम कुठून कुठं ओघळला, सगळं यायला लागलं. शेजारची शिवकन्या ब्लाउज शिवायची. ती हुक-काज करायचं काम घेऊन दुपारी येऊन बसायला लागली. तिनं ही मालिका कधी पाहिलीच नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "भाऊ, ते ढ्याण् ढ्याण् बंदच करा बरं. त्या आवाजात तुमचं ऐकू येईना." तेव्हापासून फोन मुका झाला आणि रेवणसिद्ध एकटाच बोलू लागला.

पहिल्यांदा बघताना ज्या जागी घाम फुटला होता, त्या जागी आता त्याला हसू फुटायचं. विहिरीतून वर आलेल्या चंद्रिकेचे केस कोरडे ठणठणीत असायचे. दरवेळी घुबड तेच आणि मान वळवायचं तेही तसंच. एकदा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "मामी, हिनं इहिरीत सोडली पितळंची घागर, आन वर काढली ती स्टीलची!"

"मोडीत घातली आसंल," नागुबाई म्हणाल्या.

शिवकन्या इतकी हसली की सुई तिच्या बोटात गेली.

रेवणसिद्धनं एकदा धीर करून विचारलं, "मामी, तुमची लिंगपूजा एक दिवस चुकत न्हाई. मग भुतावर इस्वास हाय का तुमचा?"

"भुतावर कशाला इस्वास? भूत न्हाईच कुठं," नागुबाई म्हणाल्या. "पण चंद्रिका हाय की."

मग जरा थांबून त्याच म्हणाल्या, "मला पैल्यांदा लय भ्या वाटलं होतं तिचं. तवा मी सून होते. आता सासू झाले, तर चंद्रिकेच्या सासूचं भ्या वाटायलंय. सगळं दिसत होतं त्या बाईला. एक शब्द बोलली न्हाई."

हे त्या कूलरकडे बघून नाही, सरळ जावयाकडे तोंड करून बोलल्या. डोक्यावरचा पदर तेवढा जागच्या जागी होता. असं समोरासमोर बोलणं झालं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. अनुपमाच्या मात्र आलं.

एकदा तर गंमतच झाली. नानासाहेब पहिल्यांदा चंद्रिकेला समोरासमोर पाहतो तो भाग होता. रेवणसिद्ध रंगात आला आणि दुकानातल्या आवाजात ओरडला, "पाय बघ! तिचे पाय उलटे हायत!" समोरच्या हॉटेलातून सूर्यभान झारा हातात घेऊन, अर्ध्या शटरखालून वाकून, दुकानातनं धावत मागच्या घरात आला. "काय झालं आप्पा? कुणाचे पाय?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचं लक्ष फोनकडे गेलं. "हात तिच्या! मला वाटलं कुणी पडलं पायऱ्यांवरून." आणि जायचं सोडून तो दाराला टेकून उभा राहिला. "मग? त्यानं काय केलं पाय बघून?"

त्या दिवशी हॉटेलातलं दूध उतू गेलं.

सगळं असं मजेत चाललं होतं, पण रेवणसिद्ध आता पुढचे भाग मोजायला लागला होता. देवजी मरतो तो भाग जवळ येत चालला होता. पहिल्या दिवशी त्यानं नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी माल आणायचाय म्हणून उगाच गंगाखेडला जाऊन आला. तिसऱ्या दिवशी काही कारण सुचेना. शिवकन्या काज करत बसलेली, सूर्यभान दाराशी, नागुबाई काळा चष्मा लावून लोडाला टेकलेल्या.

त्यानं भाग लावला. पडद्यावर देवजी ताट घेऊन विहिरीकडे निघाला. नानासाहेबाची माणसं झाडामागं दबा धरून बसलेली.

"देवजीनं ताट घेतलं," रेवणसिद्ध म्हणाला. "भात वाढला. वरण वाढलं."

"हं," नागुबाई म्हणाल्या.

"आता तो इहिरीकडं निघाला." त्याचा आवाज खाली गेला. पडद्यावर पहिली काठी बसली. ताट उडालं, भात सांडला. रेवणसिद्धनं एकदा नागुबाईंकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि एका दमात म्हणाला, "आन त्यानं ताट ठेवलं, हात धुतले, आन चंद्रिकेला म्हणला, बाई, आता माझं वय झालं, मी लेकीकडं जातो. आन पिशवी घेऊन गाडीत बसला."

"कुठं दिलीय त्याची लेक?" शिवकन्येनं विचारलं.

रेवणसिद्ध गडबडला. "पिंगळीला."

"आपल्या परभणीकडल्या पिंगळीला? कोकणातून?"

"रेल्वे जाती की. स्टेशन हाय तिथं."

सूर्यभान काहीतरी बोलणार होता, पण नागुबाईंनीच सुस्कारा सोडला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "गेला लेकीकडं. म्हातारपणी अशा घरात कशाला ऱ्हायाचं."

रेवणसिद्धनं कपाळावरचा घाम पुसला आणि फोन उपडा ठेवला.

इथपर्यंत ठीक होतं. पण मालिका पुढे सरकली तशी पंचाईत झाली. पुढच्या भागांमध्ये लोक देवजीच्या नावानं रडत होते, कुणी शपथा घेत होते, नानासाहेबाला तो स्वप्नात दिसत होता. आणि हा पुढचा सगळा मजकूर रेवणसिद्धनंही आधी पाहिलेला नव्हता. पडद्यावर घरातली एखादी बाई ऊर धरून रडायला लागली की हा घाईघाईनं म्हणायचा, "तिला देवजीची याद यायली. फोन लागंना पिंगळीला." त्यात नागुबाई रोज न चुकता विचारायच्या, "देवजीची काही खबर?" मग त्याला सांगावं लागायचं, की देवजीची तब्येत सुधारली, जावयानं त्याच्यासाठी अंगणात बाज टाकली, देवजी आता नातवंडांना शाळेत सोडायला जातो. शिवकन्येला हे फार आवडायचं. ती मालिकेपेक्षा पिंगळीतच जास्त रमली होती.

अनुपमा एकदा ताक घेऊन आली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली. पडद्यावर तेरावं चाललं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच तिला विनवलं. ती ताकाचा पेला ठेवून आत गेली आणि आत जाऊन हसली.

मग परभणीला डॉक्टरांकडे दाखवायचा दिवस आला. अनुपमा आईला घेऊन एसटीनं गेली आणि संध्याकाळी परत आली तेव्हा नागुबाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा नव्हता. "आता बघायला हरकत न्हाई म्हणले," त्यांनी दारातूनच सांगितलं. "दिसायलंय सगळं. अनू, तुझ्या भिंतीवर केवढं जाळं हाय गं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी नागुबाईंनी स्वतः फोन हातात घेतला. शिवकन्या त्यांच्या खांद्याला खेटून बसली. रेवणसिद्धनं आज दुकानात लय गर्दी आहे असं सांगून पाहिलं, पण उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भाग सुरू झाला, आणि सुरू होता होताच बंगल्याच्या दिवाणखान्यात देवजीचा फोटो दिसला. फोटोला भला मोठा चंदनाचा हार.

"अगं बाई!" शिवकन्या ओरडली. "हा तर मेलाय! भाऊ, पिंगळीत मेला का हा? कवा?"

रेवणसिद्ध दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मिशांच्या आत काहीतरी पुटपुटला. शेवटी म्हणाला, "मामींच्या डोळ्याला रडणं चालत न्हाई म्हणून... डॉक्टरनीच सांगितलं होतं, डोळ्यात पाणी नको म्हणून..."

"माझ्या डोळ्याचं नाव नका सांगू," नागुबाई म्हणाल्या. "म्या एकदा बघितलेली हाय ही. देवजी कसा मेला, मला काय म्हाईत न्हाई? तवा दोन दिवस जेवण गेलं न्हाई मला."

"मग बोलल्या कामून न्हाईत?"

"तुमी इतक्या मायेनं त्याला गाडीत बसवलंव. आता त्याला खाली कसं उतरवू?"

शिवकन्या म्हणाली, "मंजे ती बाज, ती नातवंडं, काहीच न्हाई?"

"न्हाई," रेवणसिद्ध म्हणाला. ते त्यालाच कसंतरी वाटलं. दहा-बारा दुपारी त्यानं त्या म्हाताऱ्याला जिवंत ठेवलं होतं.

नागुबाईंनी देवजीच्या फोटोवरच भाग थांबवला. मग त्यांनी फोन त्याच्याकडे दिला. "तो भाग लावा. मधीच सोडून दिला तुमी. धड बघू एकदा."

रेवणसिद्धला नको होतं. पण सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंडानं मागितलेलं काही त्याला मोडवेना. तो त्यांच्याजवळ सतरंजीवर बसला. अनुपमाही हात पुसत येऊन बसली. या वेळी आवाज चालू ठेवला होता. देवजी ताट घेऊन निघाला, काठी बसली, ताट उडालं. पण पुढचं रेवणसिद्ध विसरून गेला होता, किंवा त्या रात्री परभणीत डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्याला ते दिसलंच नव्हतं. देवजी पडल्यावर विहिरीतून चंद्रिका वर आली, त्याच्याजवळ बसली, आणि सांडलेला भात वेचून ताटात भरला. मग ते ताट समोर घेऊन तिनं एक घास खाल्ला. इतक्या दिवसांत तिनं त्या ताटाला एकदाही हात लावला नव्हता.

रेवणसिद्ध रडला. तसाच, हमसून. या वेळी कुणी हसलं नाही. शिवकन्येनं हातातला ब्लाउज डोळ्यांना लावला आणि मग तो गिऱ्हाइकाचा आहे हे आठवून घाईनं खाली ठेवला. नागुबाईंच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

"माय!" अनुपमा ओरडली. "डोळा! कालच तर काळा चष्मा निघाला... काय म्हणले डॉक्टर?"

"आतून आलेलं पाणी चालतं," नागुबाई म्हणाल्या. "भायेरचं चालत न्हाई."

रेवणसिद्ध रडता रडता हसायला लागला.

मृगाच्या तोंडावर नागुबाई चारठाण्याला परत गेल्या. मालिकेचे शेवटचे भाग राहिले होते. ते दोघांनी आपापल्या घरी बघायचे आणि फोनवर बोलायचं असं ठरलं. आता रेवणसिद्ध लपूनछपून बघत नाही. दुपारी दुकानातच गल्ल्यावर फोन स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवतो. गिऱ्हाईक आलं तर म्हणतो, "जरासक थांबा, हिला एवढं भिंतीतून जाऊ द्या." घरी रिमोट अनुपमाच्या हातात असतो. ती नागिणीचं काहीतरी बघते. त्याला साप पटत नाहीत, पण बसतो शेजारी.

शेवटचा भाग बघून झाल्याबरोबर त्यानं चारठाण्याला फोन लावला. शेवटी चंद्रिकेला मुक्ती मिळाली होती. विहिरीतून पांढरा उजेड निघाला, ती त्यात विरघळली आणि बांगडी काठावर पडून राहिली.

"मामी, हे काय झालं? इतकी वर्सं त्या घरात ऱ्हायली, सगळ्यांना धाकात ठेवलं, आन शेवटी धूर करून टाकला तिचा?"

"मला तवाबी पटलं न्हवतं," पलीकडून नागुबाई म्हणाल्या. "घर तिचंच होतं. ऱ्हायाचं होतं तिनं तिथंच."

"नानासाहेबाला हाकलायचं."

"त्याला हाकलून काय करता? त्याला ठेवायचा, भांडी घासायला."

"इहिरीवर?"

"इहिरीवरच. उन्हात."

रेवणसिद्ध मोठ्यानं हसला. समोरून सूर्यभाननं ओरडून विचारलं, "काय झालं आप्पा?" आणि रेवणसिद्धनं फोनवर हात न ठेवता, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला सगळा शेवट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. नागुबाई पलीकडे फोन कानाला लावून ऐकत होत्या, आणि मधेच म्हणत होत्या, "अवो, ते आधी न्हाई, ते नंतर झालं."